एक्केचाळिसाव्या कडीला

हुपरीत आम्ही काळं काढतो.
रिठ्याच्या पाण्यात पैंजण बुडवायचं,
पितळी ब्रशनं घासायचं,
कडीच्या पोटातलं, घुंगराच्या फटीतलं
सुटेपर्यंत सोडायचं नाही.
सव्वीस वर्षं हेच.
आणि आता मंगळवारी, शुक्रवारी
सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला येते,
केसपेपर काढून रांगेत बसते,
पांढऱ्यावर काळं करून घ्यायला.

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला,
खोलीतला दिवा घालवला,
हातात भिंगाएवढा जांभळा दिवा धरला.
"घाबरू नका, नुसतं बघायचंय."
आणि माझा हात अंधारात पेटला.
मनगटाशी एक बेट, खडूसारखं, निळसर,
पेरांवर पाच,
आणि कोपराखाली, जिथं भर उन्हात
मला काहीच दिसलं नव्हतं,
तिथं आणखी एक, येऊ घातलेलं.
मी म्हटलं, बाई, हे तर शंभर टंच!
त्या हसल्या. हनुवटीवर दिवा नेला
आणि हसायच्या थांबून
कागदावर काहीतरी गोल काढू लागल्या.

कोड. आमच्या घरात हा शब्द बोलत नाहीत.
सासूबाई "ते" म्हणायच्या.
"हिला ते आलंय."
कोडकौतुकातलं कोड कुठलं आणि हे कुठलं,
सातवीत शाळा सुटली,
विचारायचं राहून गेलं.

आधी कागलच्या एकानं बावचीचं तेल दिलं होतं.
लावा आणि उन्हात बसा.
किती वेळ?
बसा की.
बसले गच्चीवर, सांडग्यांच्या शेजारी.
संध्याकाळपर्यंत हातावर द्राक्षाएवढे फोड.
सांडगे मात्र कुरकुरीत झाले.

इथं ऊन सेकंदावर मिळतं.
लोखंडी कपाट, आत माणसाएवढ्या नळ्या,
डोळ्यांवर घाण्याच्या बैलासारखी काळी झापडं.
"मावशी, आज पंचावन्न," इरफान मुजावर सांगतो
आणि दार लावतो.
पंखा घुमायला लागतो.
मी मनात साखळी जोडते,
सेकंदाला एक कडी,
डाग देऊन, फुंकर मारून, पुढची.

बाविसाव्या खेपेला पंखा मधेच थांबला.
मी तशीच उभी.
इरफान धावत आला: "लाईट गेली हो,
मशीन पण विसरलं, किती झालं काय माहीत."
"एक्केचाळीस."
"कशावरून?"
"पंखा थांबला तेव्हा एक्केचाळिसावी कडी हातात होती."
त्यानं माझ्याकडं बघितलं.
मग वहीत लिहिलं, ४१.
सव्वीस वर्षं शेठ माझी मोजणी
परत काट्यावर घालतो.
इथं पहिल्यांदा कुणी
न तोलता उतरवून घेतली.

तिकडं देवळात वर्षातले थोडे दिवस
मावळतीचं ऊन आत शिरतं.
आधी पाय, मग कंबर, मग मुख.
लोक माना उंचावून विचारतात,
पोचलं का? कुठंवर आलं?
माझं उलटं आहे.
बाई म्हणाल्या, तोंड लवकर ऐकतं,
बोटांची टोकं आणि पाय हट्टी.
येईल रंग, किंवा नाहीसुद्धा यायचा.
त्यांनी हे सरळ सांगितलं
म्हणून मी पुढच्या मंगळवारची एसटी धरली.

एकतिसाव्या खेपेनंतर,
कामावरच्या फुटक्या आरशात,
हनुवटीच्या पांढऱ्यात
एका केसाच्या मुळाशी
मोहरीएवढा तपकिरी ठिपका.
हात सव्वीस वर्षांच्या सवयीनं
आपोआप वर गेला,
पदराचं टोक रिठ्याच्या पाण्यात बुडवून
दोनदा घासलं.

गेला नाही.